डाव्या हाताची नाडी

झिपारकुलशी गप्पा मारायला बसलं की आमच्या कोक-बेल गावातली माणसं हात बाह्यांत ओढून घ्यायची. बोलता बोलता ती समोरच्याचं मनगट कधी धरील याचा नेम नसे. लग्नात नवऱ्यामुलाचं धरायची, मयताला आलेल्या म्हातारीचं धरायची आणि मध्येच म्हणायची, "काल तू नीट जेवला नाहीस." ते खरंही निघायचं, हा त्यातला खरा वैताग.

तरुणपणी ती उन्हाळी कुरणांवर घोड्यावरून फिरली, मेंढपाळांच्या तंबूत तिने बाळंतपणं केली. नवरा लवकर गेला. मुलगी एकच, कानिशाय. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा घोडा विकून ती आमच्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला आली. मी तिथे लॅटिन शिकवते, म्हणजे हाडांची आणि औषधांची नावं पोरांकडून घोकून घेते. घरंही आमची कुंपणाला कुंपण लागून. त्यामुळे तिचं जे काही झालं ते मी कॉलेजातूनही पाहिलं आणि अंगणातूनही.

आमच्या कॉलेजात एक आकडा फार लाडका होता. बहात्तर. नाडी किती? बहात्तर. पोरं तीन बोटं मनगटावर टेकवत, घड्याळाकडे बघत, तोंड गंभीर करत आणि बहात्तर म्हणत. जरा चलाख असतील ती सत्तर नाहीतर चौऱ्याहत्तर म्हणत, म्हणजे खरंच मोजल्यासारखं वाटे. परीक्षेत एकमेकांचीच नाडी बघायची असे. धडधाकट पोरांची नाडी त्याच्याच आसपास असायची, तेव्हा परीक्षक मान डोलवून पुढच्याला बोलवत. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जेवणाची वेळही टळत नसे.

त्या हिवाळ्यात आमची एक विद्यार्थिनी इस्पितळात कामाला होती. रात्री बाळंत झालेल्या बाईची नाडी तिने सकाळी बहात्तर सांगितली. थोड्या वेळाने डॉक्टर मेदेर सहज त्या खाटेशी थांबले, बाईचं मनगट धरलं आणि धावतच सुटले. बाईला आतल्या आत रक्तस्राव होत होता. जीव वाचला, पण गर्भाशय काढावं लागलं. वय काय तिचं, तर आमच्या पोरींएवढं.

ती विद्यार्थिनी झिपारकुलपुढे येऊन रडली. "एजे, मी बोटं ठेवली होती. मला काही लागलंच नाही. लागत नाही असं म्हणायची लाज वाटली."

आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला एजे म्हणतात, थोरली बहीण. झिपारकुलने त्या पोरीला शब्दानेही झोडलं नाही. ती माझ्याकडे येऊन चुलीशी बसली. मी पुढे ठेवलेला चहा गार होऊन त्याच्यावर साय धरली तरी तिने पेला उचलला नाही.

"दामिरा, 'सापडत नाही' हे म्हणायला आपण कुणाला शिकवलंय का कधी?" तिने विचारलं.

"हे काय शिकवायचं असतं?" मी म्हटलं.

"शिकवायचं असतं असं दिसतंय."

मग तिने जो घाट घातला तो फक्त चौघांना माहीत होता. एक ती स्वतः. दुसरे डॉक्टर मेदेर, ते त्या वर्षी परीक्षामंडळाचे अध्यक्ष होते. तिसरी मी, कारण मंडळात मलाही बसवलं होतं. चौथा तिचा थोरला भाऊ एसेनबाय. एसेनबायने घाटातल्या रस्त्यावर उभा जन्म ट्रक हाकला. एकदा जॅक सटकला आणि डावा हात खाली सापडला. शहरातल्या डॉक्टरांनी हात वाचवला, पण मनगटातली रक्तवाहिनी बांधून टाकावी लागली. हात चालतो, पेला धरतो, फक्त मनगटावर कितीही दाबा, नाडी लागत नाही. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे. हात जरा अधू आहे एवढंच गावाला ठाऊक होतं.

वार्षिक परीक्षेत रुग्ण म्हणून एसेनबाय बसणार होता. खुर्ची अशी लावायची की त्याची उजवी बाजू भिंतीला आणि डावा हात विद्यार्थ्याच्या समोर. नाडी लागत नाही असं जो म्हणेल तो पास. आकडा सांगेल तो नापास, त्याने शरदात पुन्हा यायचं.

डॉक्टर मेदेर म्हणाले, "अर्धा वर्ग घरी बसवाल, एजे."

"बसू दे. खाटेवरची बाई मरण्यापेक्षा बरं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते विहिणीपाशी.

आदल्या शरदात कानिशायचं लग्न झालं होतं. सासर गावातलंच, खातंपितं, आणि मानापानाला फार जपणारं. विहीणबाई साकीन म्हणजे बसल्या जागेवरून घर चालवणारी बाई. आमच्याकडे व्याह्यांचा मान सगळ्यांच्या वर. त्यांनी काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत, आणि त्यांना नाराज केलं तर त्याची परतफेड सुनेच्या ताटात होते. साकीनची धाकटी मुलगी एलनुरा झिपारकुलच्याच वर्गात होती. दिसायला गोड, स्वभावाने गरीब आणि अभ्यासात यथातथाच.

परीक्षेच्या आठवड्यात विहीणबाई आल्या. बरोबर उकडलेलं मेंढराचं मांस, कणकेच्या तळलेल्या बोरसोकची परात, साखर, नवा रुमाल आणि मागून मान खाली घालून कानिशाय. मीही होते. शेजारणीला अशा वेळी बोलावतातच, पंगत भरल्यासारखी वाटते.

विहीणबाईंनी सावकाश चहा घेतला, हवेची चौकशी केली, वासरांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी आमच्याकडे आली त्या दिवसापासून मी तिला सून म्हटलेलं नाही. लेकच म्हणते. विचारा तिला."

कानिशाय चहा ओतत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तुमचे उपकार आहेत, विहीणबाई," झिपारकुल म्हणाली.

"उपकार कसले? तुम्हीही आमच्या एलनुराला लेकच समजता, ठाऊक आहे मला. तिची इस्पितळातली जागा ठरल्यासारखी आहे. एवढी परीक्षा झाली की सुटलो."

"ती मोजेल तेवढे गुण तिला मिळतील."

विहीणबाई हसल्या. "मोजायचं काय त्यात? मोजणारे तुम्हीच ना?"

झिपारकुलने बोरसोक तोडून खाल्ला आणि विहिणीचा पेला पुढे सरकवला. मला मेलीला वाटलं, हिने निदान एखादं गोड खोटं बोलावं, तोंडदेखलं हो म्हणावं. तिला ते जमलंच नाही. जाताना विहीणबाईंनी रुमाल तिच्या खांद्यावर घातला आणि कानिशायला म्हणाल्या, "चल गं, घरचं काम पडलंय." त्या आवाजात लेक कुठे नव्हती.

परीक्षेच्या सकाळी एसेनबाय पांढरा शर्ट आणि नवी टोपी घालून आला. खुर्चीवर बसला, डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवला. डॉक्टर मेदेर मध्ये, मी त्यांच्या डाव्या बाजूला, झिपारकुल टोकाला. मंडळाने विद्यार्थ्याशी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

पहिला आत आला तोल्कुन नावाचा मुलगा. बोटं ठेवली. घड्याळाकडे पाहिलं. बोटं हलवली, पुन्हा ठेवली. त्याच्या कानशिलावर घाम दिसायला लागला. शेवटी म्हणाला, "बहात्तर."

डॉक्टर मेदेरनी मान हलवली. तो गेला. दुसरी आली, तिने सत्तर सांगितलं. तिसरीने अडुसष्ट, आणि वर "ठोके नियमित, भरलेले" अशी मीठमिरचीही लावली. एसेनबाय खिडकीबाहेर बघत बसला होता. आपल्या बांधून टाकलेल्या हाताचं एवढं कौतुक त्याने जन्मात ऐकलं नसेल. मला आधी हसू आलं, मग हळूहळू ओसरलं. डॉक्टर मेदेरच्या जबड्याचा स्नायू उडत होता. हिवाळ्यातली ती खाट त्यांच्यापुढे आली असणार. झिपारकुल हात घट्ट धरून बसली होती आणि प्रत्येक आकड्याला जरा खाली वाकत होती, जसं काही कुणी खांद्यावर पोतं ठेवतंय.

मध्ये एक मुलगी आली, डोंगरापलीकडची, बुजरी. बराच वेळ चाचपलं. मग रडवेली होऊन म्हणाली, "मला सापडत नाहीये. मला येत नाही वाटतं." आणि उठून दाराकडे चालायला लागली. झिपारकुलने नियम मोडून तिला हाक मारली, "थांब. तू पास आहेस." पोरगी आमच्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, थट्टा चाललीये.

त्यानंतर एलनुरा आली.

ती दारात दिसली आणि एसेनबाय उभा राहिला. व्याह्यांची मुलगी, मग ती केवढीशी का असेना, तिच्यासमोर आमचा जुना माणूस बसून राहत नाही. मला ते क्षणभर बरंच वाटलं. पण मग तो पुन्हा बसला तो खुर्ची फिरवून. डावा हात पाठीमागे नेला आणि उजवा पुढे केला. व्याह्यांना डावा हात द्यायचा नसतो, आणि तोही असा अधू. इतकी पोरं येऊन गेली तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. ही मात्र व्याह्यांची. आयुष्यभराची सवय त्याच्या आधी पुढे झाली. परीक्षा वगैरे त्याच्या डोक्यातूनच गेलं असावं.

म्हटलं, झालं, हिच्या वाट्याला धडधडीत चालता हात आला. बहात्तर म्हणेल आणि जवळपास बरोबरही निघेल. झिपारकुलकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. सुटल्यासारखं वाटलं असेल का तिला? मला तरी वाटलं, खोटं कशाला सांगू.

एलनुराने बोटं टेकवली न टेकवली तोच आमच्याकडे तोंड केलं. पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "नाडी लागत नाही."



डॉक्टर मेदेर उठले. टेबलाला वळसा घालून गेले, एसेनबायचा तोच उजवा हात धरला आणि उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हात न सोडताच ते म्हणाले, "चांगली उडतेय की."

एलनुरा पांढरीफटक पडली.

"घोड्यासारखी उडतेय," डॉक्टर म्हणाले. मग सावकाश झिपारकुलकडे वळले. "एजे, या हातात नाडी नाही असं हिला कुणी सांगितलं?"

चौघांनाच ठाऊक असलेली गोष्ट. त्यातली दोघं या पोरीच्या व्याह्यांपैकी. तिथे बसलेल्या कुणालाही जे वाटलं असतं तेच डॉक्टरांना वाटलं, आणि त्यांच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं.

एसेनबाय खाकरला. "डॉक्टर, या हाताचंही तसंच आहे," तो म्हणाला. "थंडीत मधूनच जाते नाडी. मधूनच येते. पोरीने धरला तेव्हा नसेल."

जून महिना होता. पण वडीलधारा माणूस, पांढऱ्या दाढीचा, तो म्हणतो म्हटल्यावर त्याला चारचौघांत खोटं कोण पाडणार? डॉक्टर मेदेर वयाने त्याच्यापेक्षा बरेच लहान. त्यांनी हात सोडला आणि थांबले. मी समजले. ते झिपारकुलला वाट काढून देत होते. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. पोरगी पास, विहीण खूश, कानिशाय सुखात, आणि डॉक्टर पुन्हा हा विषय काढणार नव्हते.

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. हो, दाबला. आजही दाबीन.

झिपारकुल उभी राहिली. "बाइके," ती भावाला म्हणाली, "तू खोटं बोलतोयस."

एसेनबायचा चेहरा असा झाला की तो मी अजून विसरलेले नाही. थोरल्या भावाला परक्यांसमोर असं कुणी बोलत नाही. तिने तर त्याला कधी नावानेही हाक मारलेली नव्हती, नेहमी बाइके, म्हणजे दादा.

"या हातात नाडी आहे," ती पुढे म्हणाली. "रोज असते. डाव्या हातात नाही. हे माझ्या घरात माझ्याखेरीज एकाच माणसाला माहीत आहे. लहानपणी माझी मुलगी नर्स-नर्स खेळायची. मामाचा हात धरून विचारायची, याचं बहात्तर कुठे गेलं. मी तिला आताचं काही बोलले नाही. पण मामा परीक्षेला बसणार आहे हे कळलं असेल, आणि ती काही मूर्ख नाही. गोष्ट माझ्या घरातून गेली, डॉक्टर. मंडळातून माझं नाव काढायचं तर काढा."

"कानिशायने सांगितलं?" डॉक्टरांनी एलनुराला विचारलं.

एलनुरा ओठ दाबून उभी.

"तिला ते नका विचारू," झिपारकुल म्हणाली. "दुसरं विचारते मी." ती गुडघे आवरत एलनुराजवळ गेली. "बस, बाळ. आता मोज. कुणी काही सांगितलंय ते विसर. हातात नाडी आहे, एवढं तुला आता कळलंय. सापडली की सांग."

पोरगी बसली. तीन बोटं ठेवली. एसेनबाय दुसरीकडे बघत होता, पण हात त्याने मागे घेतला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. एलनुराची बोटं सरकत होती, थांबत होती, कधी फार दाबत होती, कधी उगाच उचलत होती. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तरी तिने हात सोडला नाही.

"एजे, खरंच सापडत नाहीये," ती शेवटी म्हणाली. "मला कधीच सापडली नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. मी सगळ्यांसारखं बहात्तर म्हणायचे आणि तुम्ही चांगलं म्हणायचात."

झिपारकुलने पोरीची बोटं धरली, जरा अंगठ्याच्या बाजूला नेली, हलकेच टेकवली. मग एलनुराचा श्वास थांबलेला मला दिसला. तिचा चेहरा असा झाला, जसं काही भिंतीपलीकडून कुणी हाक मारली.

"ही?" ती कुजबुजली.

"हीच."

तरीही तिला नापास केलं. झिपारकुलनेच तसं सांगितलं, डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता. एसेनबाय टोपी घालून बहिणीकडे न बघता निघून गेला. पुढच्या मंडळात झिपारकुलचं नाव नसणार हे प्राचार्यांनी दुपारीच कळवलं. फार सभ्य शब्दांत कळवलं, ते सभ्य शब्द अंगाला जास्तच लागतात.

पण तिला या कशाची पर्वा नव्हती. तिच्या मनात एकच होतं, आणि माझ्याही. कानिशाय. ती फोन करील म्हणून झिपारकुलने फोन ओट्यावर ठेवला आणि दही गाळायला बसली. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही अंगणात दही गाळत होतो तेव्हा फाटकावर थाप पडली. कानिशाय. हातात पिशवी, डोक्यावरचा सुनेचा रुमाल नीट बांधलेला, डोळे कोरडे.

"काय झालं?" झिपारकुलने तिथूनच विचारलं. तिला पुढे व्हायचा धीर नव्हता.

"सासूबाईंनी दोघींना समोर उभं केलं," कानिशाय म्हणाली. "एलनुराला विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, कुणी नाही, मीच अंदाज केला. तिने माझ्यासाठी थाप मारली, आई."

"मग?"

"मग सासूबाई म्हणाल्या, म्हणजे तुझ्या आईने माझ्या लेकीवर भर मंडळात आळ घेतला. सगळं घर हो हो म्हणायला लागलं. मी गप्प बसले असते तर मला कुणी काही केलं नसतं. तुलाच काय ती नावं ठेवली असती." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी म्हटलं, माझी आई खरं बोलली. मीच सांगितलं होतं. तुम्ही आमच्याकडे मांस घेऊन आलात तेव्हाच मला कळलं होतं की एलनुरा नापास झाली तर माझी धडगत नाही. भीतीने सांगितलं."

झिपारकुलच्या हातातला पंचा दह्यात पडला.

"सासरचे म्हणाले, आईकडे जा," कानिशाय म्हणाली. "कधीपर्यंत, ते नाही म्हणाले. नवरा दारापर्यंत आला होता माझ्याबरोबर. बोलला काही नाही." मग इतका वेळ धरून ठेवलेला आवाज फुटला. "तू मला आत घेतेस का, एवढंच सांग. मीही तुझी परीक्षा बिघडवलीच आहे."

आमच्याकडे फाटकाला दोन दारं असतात. घरची माणसं एक ढकलून येतात जातात. दुसरं वर्षात फार तर एकदोनदा निघतं, व्याही येणार असले की. त्याचा अडसर गंजून बसलेला असतो. झिपारकुल उठली, पहिलं दार उघडलं, मग दुसऱ्याच्या अडसराशी झटायला लागली. तो हलेना. मी मदतीला गेले तर तिने मला कोपराने बाजूला सारलं. ओठ चावत, गुडघ्यावर रेटा देत तिने तो काढला आणि दुसरंही दार पार भिंतीपर्यंत नेलं.

मग मुलीची पिशवी घेतली. कानिशाय आत आली, आणि मी चहा ठेवायला गेले.